माचू पिच्चूपर्यंत इंका वाटेने चालत जायचे आहे, पण उतरताना गुडघा दुखतो: मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

पुढील वर्षी मे महिन्यात आम्ही दोघे भावंडे पेरूला जाणार आहोत. माझे वय ५४ आणि धाकट्या बहिणीचे ४९. डोंगर चढण्याची सवय दोघांनाही आहे, मात्र गेली दोन वर्षे माझा उजवा गुडघा चढताना मुकाट राहतो आणि उतरताना कुरकुर करतो. ज्यांनी ही वाट स्वतः चालून पाहिली आहे, त्यांच्या अनुभवाची मला गरज आहे.

आगगाडीने आणि पुढे बसने थेट प्रवेशद्वारापर्यंत जाता येते, याची मला कल्पना आहे. परंतु पंधराव्या शतकात पाचाकुती या इंका सम्राटाच्या काळात उभारलेल्या त्या नगरीत, तेव्हाच्या माणसांनी बांधलेल्या दगडी वाटेनेच शिरावे आणि इंती पुंकू, म्हणजे सूर्यद्वारातून, ती पहिल्यांदा पाहावी, एवढ्यासाठी तर हा सारा खटाटोप आहे.

चार दिवसांची मूळ वाट सुमारे ४३ किलोमीटरची आहे. अंतराची मला धास्ती नाही. धास्ती आहे ती दुसऱ्या दिवसाची: ४,२१५ मीटरवरची 'मेलेल्या बाईची खिंड' ओलांडायची (डोंगराच्या आकारावरून पडलेले हे नाव काही धीर देणारे नाही) आणि लगेच पलीकडे सुमारे ६०० मीटर खाली, बहुतांशी दगडी पायऱ्यांवरून, मुक्कामाला उतरायचे. मागच्या वर्षी एका किल्ल्यावरून उतरताना शेवटच्या दोनशे-अडीचशे पायऱ्या मी कठड्याला धरून, आडवा होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरलो होतो. त्या दिवशी निदान कठडा तरी होता. गुडघ्यातील कूर्चा थोडी झिजली असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असून व्यायाम नियमित केल्यास जाण्यास त्यांची हरकत नाही. पण त्या पायऱ्या त्यांनी पाहिलेल्या नाहीत. त्या किती उंच आहेत, पावसाने निसरड्या होतात का, आणि रबरी टोपण लावलेल्या काठ्यांचा तेथे खरोखर आधार मिळतो का, हे कृपया सविस्तर लिहावे.

दुसरी अडचण उंचीची आहे. विमान उतरते त्या कुस्कोची उंचीच सुमारे ३,४०० मीटर आहे. पूर्वी एकदा गाडीने एवढ्याच उंचीवर गेलो असता पहिल्या रात्री माझे डोके असे ठणकत होते की बुटाची नाडी सोडायलाही वाकवेना. म्हणून विमानतळावरून थेट सुमारे २,८०० मीटरवरील ओयांतायताम्बोला उतरून तेथे दोन रात्री काढाव्यात, मग कुस्कोला दोन रात्री राहावे आणि त्यानंतरच चालायला लागावे, असा माझा विचार आहे. बहिणीच्या मते हे दिवस वाया घालवणे आहे. चार रात्री पुरेशा आहेत की आणखी एखादी हवी?

पर्याय म्हणून साल्कांताय मार्ग पाहिला, पण तेथील खिंड सुमारे ४,६०० मीटरवर आहे आणि तो मार्ग सूर्यद्वारातून जात नाही. मग त्यात माझे काय साधले? त्यापेक्षा रेल्वेच्या १०४ किलोमीटरच्या खुणेपाशी उतरून विन्याय वायनामार्गे एका दिवसात सूर्यद्वार गाठण्याची छोटी वाट मला मनापासून पटू लागली आहे, कारण त्यात उंच खिंड नाही आणि शेवटचा, मला हवा असलेला टप्पा तोच आहे. बहीण मात्र चार दिवसांवर अडून बसली आहे. दोन्ही वाटा पाहिलेले कोणी असल्यास, छोट्या वाटेने गेल्यावर नेमके काय हुकते ते सांगावे. तिने चार दिवस चालावे आणि मी शेवटच्या दिवशी तिला सूर्यद्वारापाशी गाठावे, असे वेळेच्या दृष्टीने जमते का?

निर्णय लवकर घ्यावा लागणार आहे. मूळ वाटेवर वाटाडे आणि हमाल धरून दिवसाला ५०० जणांनाच परवाना मिळतो आणि मे महिन्याचे परवाने कित्येक महिने आधी संपतात. परवाना पासपोर्टच्या क्रमांकावर निघतो, आणि माझ्या पासपोर्टची मुदत नेमकी मार्चमध्ये संपते आहे. आधी नवा पासपोर्ट काढावा आणि मगच परवान्यासाठी पैसे भरावेत, की जुन्या क्रमांकावर परवाना घेऊन तपासणी नाक्यावर दोन्ही पासपोर्ट दाखवले तर चालतात?