समुद्रातला कचरा काढणाऱ्या संस्थेला कायद्याने काय करता येतं?

भरतीओहोटी: आम्ही काहीजण ना-नफा संस्था नोंदवतोय. उद्देशांच्या मसुद्यात एकाने लिहिलंय, 'कचरा टाकणाऱ्या जहाजांवर कारवाई करण्याचा संस्थेस अधिकार राहील.' मला हसू आलं, पण खोडायचं कशाच्या आधारावर? शिवाय कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या पाण्यातून जाळी काढायची तर परवानगी कुणाची?

जुना_खलाशी: खोडा बिनधास्त. २२ वर्षं जहाजांवर काढली, शेवटची काही चीफ ऑफिसर म्हणून. खुल्या समुद्रात जहाजावर हुकूम चालतो तो झेंड्याच्या देशाचा, म्हणजे जिथे जहाजाची नोंदणी झाली त्या देशाचा. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराचं कलम ९२ बघा. दुसऱ्याच्या जहाजावर चढून तपासणीची मुभा कलम ११० मध्ये आहे, पण ती युद्धनौकांना आणि तसा अधिकार दिलेल्या सरकारी जहाजांना. तीही चाचेगिरी, गुलामांचा व्यापार अशा मोजक्या संशयांवर. कचरा त्या यादीत नाही. तुम्ही फोटो काढा, वेळ आणि अक्षांश-रेखांश टिपा, झेंड्याच्या देशाकडे तक्रार करा. अंगावर जाल तर तुमच्यावरच शेकेल. व्हेलच्या शिकारीला आडव्या जाणाऱ्या सी शेफर्ड या संस्थेच्या खटल्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २०१३ साली हेच सांगितलं: पैशाचा हेतू नसला तरी हिंसा चाचेगिरीत मोडू शकते.

परवानगीचं म्हणाल तर १२ सागरी मैलांच्या आत किनाऱ्याच्या देशाचं राज्य. २०० मैलांपर्यंतही त्याला विचारल्याशिवाय यंत्रणा पाण्यात सोडू नका. त्यापलीकडे परवान्याची खिडकी नाही, पण मोकळं रानही नाही. समुद्रातलं प्लॅस्टिक काढणाऱ्या द ओशन क्लीनअप या संस्थेने २०१८ मध्ये पहिली यंत्रणा पॅसिफिकमध्ये नेण्याआधी नेदरलँड्स सरकारशी रीतसर करार केला. ६०० मीटरचा तरंगता अडसर, ना इंजिन ना सुकाणू. त्याला जहाज म्हणायचं तरी कसं? म्हणूनच तो करार.

भरतीओहोटी: आणि उचललेल्या जाळ्याचं काय?

जुना_खलाशी: उचललं की ते तुमच्या गळ्यात. एकदा आमच्या प्रोपेलरमधून जाळं सोडवलं. नायलॉनला शिंपले चिकटलेले, आत जिवंत खेकडे. दुपारपर्यंत असा वास सुटला की कुकने मेसची दारं लावून घेतली. कॅप्टन म्हणाला, "टाका परत." मी विचारलं, "सर, गार्बेज रेकॉर्ड बुकात काय लिहू?" जाळं ११ दिवस मागच्या डेकवर पडून होतं. मार्पोल, म्हणजे जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या पाचव्या परिशिष्टाने जहाजावरून प्लॅस्टिक समुद्रात टाकायला कुठेच मुभा ठेवलेली नाही. कचऱ्याच्या नोंदीची ती वही आता, १ मे २०२४ पासून, १०० टनांच्या जहाजालाही ठेवावी लागते. म्हणजे तुमची बोटही त्यात येऊ शकते.

कलमनवीस: वकील म्हणून भर घालतो. जाळ्यावर मालकाची खूण असेल तर ती कापू नका, फोटोसकट कळवा. सोडून दिलेलं दिसतं म्हणून ते बेवारस ठरत नाही. आणि कचरा कुठल्या बंदरात उतरवणार ते निघण्याआधी लेखी ठरवा. एका देशातून दुसऱ्या देशात मिश्र, घाणेरडं प्लॅस्टिक पाठवायला १ जानेवारी २०२१ पासून बासल करारानुसार आधी संमती घ्यावी लागते. होल्ड, म्हणजे जहाजाचं कोठार, भरल्यावर ही पत्रं लिहायला बसलात तर बंदराबाहेर नांगर टाकून कुजाल.

भरतीओहोटी: वाक्य खोडलं. तिथे 'नोंद ठेवणे व संबंधित देशास कळविणे' घातलं. ज्याने ते लिहिलं होतं तो रुसलाय. म्हणतो, मग आपण नुसते कारकूनच का?

जुना_खलाशी: त्यालाच वही द्या.