मदत हवी आहे: पीएलसीत (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) काउंट आपोआप बदलतोय

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत एका प्रेस मशीनचा मेंटेनन्स बघतो. आधी मित्सुबिशीच्या पीएलसीवर काम केलंय. तिथे मेमरीतले डी१० आणि डी११ म्हणजे १६-१६ बिटांची दोन स्वतंत्र घरं. आता मशीनवर सीमेन्सचा एस७-१२०० आहे. सवयीने जॉब काउंट एमडब्ल्यू१० (मेमरी वर्ड, १६ बिट) मध्ये आणि रेसिपी (जॉबच्या सेटिंगचा संच) नंबर एमडब्ल्यू११ मध्ये ठेवला.

काल काउंट ३०० होता. ऑपरेटरने रेसिपी ३ निवडली आणि काउंट थेट २५६! रात्री वहीत मांडून बघितलं तेव्हा कळलं: इथे पत्ता बाइटचा (८ बिटांचा) असतो. एमडब्ल्यू१० म्हणजे बाइट १० आणि ११, एमडब्ल्यू११ म्हणजे ११ आणि १२. रेसिपी लिहिताना बाइट ११ शून्य होतो, ३०० मधले (बाइट १० चे २५६ + बाइट ११ चे ४४) ४४ पुसले जातात.

रेसिपी एमडब्ल्यू१२ वर नेली तर हा गोंधळ थांबेल. पण जुन्या प्रोग्रॅममध्ये असे आणखी किती पत्ते एकमेकांवर चढलेत, ते नेमकं कसं शोधता? की सगळं डेटा ब्लॉकमध्ये नावानिशी हलवू? एचएमआयचे (ऑपरेटरच्या स्क्रीनचे) टॅग थेट पत्त्यांवर जोडलेत, ऑप्टिमाइज्ड ब्लॉक (ज्यात ठरलेले पत्ते नसतात, फक्त नावं) केला तर ते तुटतील. मशीन फक्त शनिवारी बंद मिळतं. कुणी केलं असेल तर क्रम सांगा, प्लीज.