डिस्नेलँड आणि तीन वर्षांचं मूल
तीन वर्षांच्या मुलाला हाँगकाँगच्या डिस्नेलँडला न्यावं का, या प्रश्नावर "तीन वर्षांच्या पोराला काही आठवणार नाही, हाँगकाँगचे पैसे पाण्यात" असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. अर्धंच पटलं. यावर नेमका डिस्नेवर्ल्डचाच (डिस्नेचं अमेरिकेतलं पार्क) अभ्यास आहे, १९९१ चा. हॅमंड आणि फिवुश या संशोधकांनी तीन-चार वर्षांची असताना तिथे जाऊन आलेल्या मुलांना सहा किंवा अठरा महिन्यांनी बोलतं केलं. दीड वर्षानंतरही मुलांनी भरपूर सांगितलं, आणि ज्यांच्या घरी सहलीचा विषय जास्त निघायचा त्यांनी अधिक. पुढे सात-आठ वर्षांच्या सुमारास अशा आठवणी भराभर पुसट होतात, तिथे तुमचं बरोबर.

आमची लेक लहानपणी एस्सेलवर्ल्डला गेली होती. आता कॉलेजात आहे. राइड्सचं नाव काढत नाही, गोराईच्या बोटीत आजोबांची टोपी उडाली ते मात्र साग्रसंगीत सांगते. अर्थात आजोबा दर गणपतीत तो किस्सा रंगवतात, तेव्हा त्यात तिची आठवण किती आणि त्यांची किती, देव जाणे! कर्ज काढून जाणार असाल तर पोराला सहा-सातचा होऊ द्या, मोठ्या राइड्सना उंचीची अट असतेच.