जीए दिल्यावर द्राक्षमण्यातील पेशींची संख्या वाढते की पेशींचा आकार?

प्रश्न : विद्यार्थिनी, तासगाव तालुका

सर्वांना नमस्कार. मी सांगलीत वनस्पतिशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरी तास-ए-गणेश या वाणाची बाग आहे. फळछाटणीनंतर जिबरेलिक ॲसिड, म्हणजे आपण सर्वजण ज्याला जीए म्हणतो ते, वेगवेगळ्या टप्प्यांवर दिले जाते, हे इथल्या बागायतदारांना सांगायला नको. घड पोपटी रंगाचा असताना साधारण १० पीपीएमची (दहा लाख भागांत दहा भाग) फवारणी केली की दांडा लांबतो आणि पाकळ्या, म्हणजे घडाचे बाजूचे फाटे, सुट्या होतात. तेच जीए फुलोऱ्यात दिले तर काही फुले गळतात आणि आपोआप विरळणी होते. मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाल्यापासून पुढे घड द्रावणात बुडवले (यालाच डिपिंग म्हणतात) की मणी लांबट आणि मोठे होतात. मात्र मण्यात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे तो पिकू लागून मऊ पडल्यावर, कितीही जीए दिले तरी फुगवणीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही, असे वडील सांगतात.

या हंगामात मी डिपिंग केलेल्या आणि मुद्दाम वगळलेल्या घडांतील मण्यांचे ब्लेडने पातळ आडवे छेद घेतले आणि सॅफ्रॅनिनने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सालीजवळच्या पेशी लहान, चपट्या आणि दाट बसलेल्या दिसतात. आत गराकडे जावे तशा त्या इतक्या मोठ्या होत जातात की छेद घेतानाच फाटतात आणि काचपट्टीवर रस पसरतो. डिपिंग केलेल्या मण्यांतील गराच्या पेशी मला मोठ्या वाटल्या. परंतु मणीच मोठा असल्याने एकूण पेशीही जास्त आहेत का, हे त्यावरून ठरवता आले नाही.

माझा प्रश्न असा, की जीए पेशींची संख्या वाढवते की आकार, आणि एकच रसायन दांड्याला, फुलाला आणि मण्याला इतका वेगवेगळा परिणाम कसे घडवून आणते? जीए ज्या संजीवकांच्या गटातले आहे त्या जिबरेलिनविषयी पाठ्यपुस्तकात ‘जिबरेलिन वाढ घडवते’ एवढ्याच एका ओळीवर विषय संपतो.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, मिरज

दोन्ही गोष्टी घडतात, पण कोणती किती घडते हे जीए कोणत्या दिवशी दिले यावर ठरते.

द्राक्षमण्यातील पेशीविभाजनाचा फार मोठा भाग फूल उमलण्यापूर्वीच, अंडाशय तयार होत असताना उरकलेला असतो. फलधारणेनंतर विभाजन आणखी तीन-चार आठवडे चालू राहते आणि मग जवळजवळ थांबते. त्यानंतर मणी वाढतो तो असलेल्या पेशी फुगल्यामुळे. म्हणून मणी अगदी लहान असताना दिलेले जीए विभाजनालाही थोडा हातभार लावते, तर सहा-आठ मिलिमीटरच्या मण्यावर दिलेले जीए मुख्यतः पेशींचा आकार वाढवते. आपल्याला गराच्या पेशी मोठ्या दिसल्या, ते या हिशेबात बसणारे आहे.

आता पेशी फुगते म्हणजे काय होते, हे नीट पाहिले पाहिजे, कारण खरा विषय इथेच आहे. वाढत्या वनस्पतिपेशीचा बहुतेक भाग रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेला असतो. रिक्तिकेत साखर, सेंद्रिय आम्ले आणि पोटॅशियमसारखे क्षार साठल्यामुळे परासरणाने पाणी आत येते आणि पेशीभित्तिकेवर आतून दाब पडतो. हा दाब साधारण ०.३ ते १ मेगापास्कल इतका असू शकतो. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब ०.२ मेगापास्कलच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा जोर कळेल. एवढा दाब असूनही पेशी फुटत नाही, कारण भित्तिकेत सेल्युलोजचे बळकट तंतू असतात आणि ते हेमिसेल्युलोज व पेक्टिनच्या जाळ्यात बांधलेले असतात. म्हणजे पेशी वाढायची असेल तर नुसता दाब असून भागत नाही, हे बंध जागोजागी सैल व्हावे लागतात. एक्स्पान्सिन नावाची प्रथिने हे काम करतात. डॅनियल कॉसग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये काकडीच्या रोपांतून ती प्रथम वेगळी केली. भित्तिका किंचित आम्लधर्मी झाली की ही प्रथिने अधिक प्रभावी ठरतात. बंध सैल झाले की भित्तिका ताणली जाते, दाब क्षणभर उतरतो, आणखी पाणी आत येते आणि त्याच वेळी पेशी भित्तिकेत नवा माल भरत राहते. हे न थांबता चालू राहणे म्हणजेच पेशीची वाढ. जिबरेलिनमुळे भित्तिका सैल करणाऱ्या अशा प्रथिनांची जनुके अधिक कार्यरत होतात.

मणी लांबट का होतो, याचेही उत्तर तंतूंच्या मांडणीत शोधावे लागते. सेल्युलोजचे तंतू पेशीभोवती आडवे गुंडाळलेले असले तर पेशी रुंद होऊ शकत नाही, लांब मात्र होऊ शकते. जिबरेलिनमुळे ही आडवी मांडणी टिकून राहते, हे वाढत्या खोडांच्या पेशींमध्ये स्पष्टपणे दाखवले गेले आहे. पोपटी अवस्थेतील घडाचा दांडा लांबतो तो याच रीतीने.

बिनबियांच्या द्राक्षाला हे सारे बाहेरून का द्यावे लागते, हा भागही सांगितला पाहिजे. बी असलेल्या मण्यात वाढती बी स्वतः जिबरेलिन बनवते आणि भोवतालच्या गराला वाढीचा निरोप देत राहते. थॉमसन ही बिनबियांची जात आणि तिच्यापासून निवडलेले तास-ए-गणेशसारखे वाण यांत परागीभवन आणि फलन होते, पण बी लवकरच खुंटते. त्यामुळे निरोप अपुरा पडतो आणि मणी लहान राहतो. डिपिंगने आपण त्या खुंटलेल्या बीची उणीव भरून काढतो.

उत्तर : द्राक्ष बागायतदार, पलूस

ताई, आपण छेद घेऊन पाहिलेत, हे वाचून फार समाधान वाटले. आम्ही बागेत इतकी वर्षे डिपिंग करतो, पण मण्याच्या आत डोकावून पाहणारे विरळाच.

बागेतील अनुभवाचे दोन मुद्दे मांडतो. पहिला पाण्याच्या सामूचा (पीएचचा). जीएची पूड ॲसिटोनमध्ये विरघळवून ती पाण्यात मिसळतो, पण आमच्याकडच्या बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्याने त्याचा सामू आधी सायट्रिक ॲसिडने साडेपाच ते सहापर्यंत उतरवून घ्यावा लागतो. ज्या वेळी ही काळजी घेतली जात नाही त्या वेळी तेवढ्याच मात्रेत परिणाम कमी दिसतो. दुसरा मुद्दा सीपीपीयू या दुसऱ्या संजीवकाचा. जीएबरोबर ते दिले की मणी गोलसर आणि कडक होतो, वजन चांगले भरते, पण मात्रा जरा जास्त झाली की मणी हिरवा राहतो, गोडी भरायला उशीर होतो आणि माल वेळेवर निघत नाही. या दोन्हींमागचे कारण पेशीच्या पातळीवर कोणी सांगेल काय?

आणि जाणकारांना एक विनंती. जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला की तयार मणी तडकतात आणि वर्षभराचे कष्ट दोन दिवसांत जातात. त्यावरही लिहावे.

उत्तर : वनस्पतींच्या रेणवीय जीवशास्त्रातील संशोधक, मूळ गाव विटा

सामूपासून सुरुवात करतो. जीए हे सौम्य आम्ल आहे. त्याचे काही रेणू द्रावणात प्रभारित असतात, काही प्रभाररहित. सालीवरचा मेणाचा थर आणि त्याखालचे पेशीपटल हे दोन्ही स्निग्ध असल्याने प्रभाररहित रेणू सहज आत शिरतात, प्रभारित रेणू अडून राहतात. आपण वापरतो त्या पल्ल्यात सामू एका अंकाने खाली आला की प्रभाररहित रेणूंचे प्रमाण जवळजवळ दहापट होते. म्हणून साडेसातच्या सामूचे पाणी आणि साडेपाचच्या सामूचे पाणी यांत एवढा फरक पडतो.

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे एकच रसायन निरनिराळी कामे कशी करते. जिबरेलिनची ओळख जपानमध्ये भातावरील एका रोगामुळे झाली. या रोगात रोपे अवाजवी उंच वाढून आडवी होत. १९२६ मध्ये एइची कुरोसावा यांनी दाखवले, की रोगकारक बुरशीने सोडलेल्या द्रव्यानेही तीच लक्षणे दिसतात, आणि १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. पेशीत ते नेमके कशाला चिकटते हे मात्र २००५ पर्यंत कोडेच होते. त्या वर्षी भातातच जीआयडी-१ हा त्याचा ग्राही, म्हणजे त्याला पकडणारे प्रथिन, सापडला.

पेशीच्या केंद्रकात डेला नावाची प्रथिने असतात आणि त्यांचे काम वाढीला अटकाव करण्याचे असते. जिबरेलिन ग्राहीत बसले की ग्राहीचा आकार बदलतो आणि तो डेलाला पकडतो. मग डेलावर युबिक्विटिन या लहान प्रथिनाची खूण लागते आणि प्रोटिएसोममध्ये, म्हणजे नको असलेली प्रथिने तोडणाऱ्या पेशीतील यंत्रणेत, त्याचे तुकडे होतात. अटकाव दूर झाला की तोपर्यंत दबलेली जनुके कामाला लागतात. जीए पेशीला अन्न पुरवत नाही, की काय करायचे तेही सांगत नाही. ते फक्त अटकाव काढते. त्यानंतर काय घडेल हे त्या पेशीची त्या वेळी कशाची तयारी झालेली आहे, तिची कोणती जनुके उघडी आहेत, तिच्याकडे साखर किती आहे, यांवर अवलंबून राहते. लांबण्याच्या अवस्थेतील दांड्याची पेशी लांबते, फुलोऱ्यात दिलेल्या त्याच जीएमुळे फलधारणा घटते, लहान मण्याची पेशी फुगते आणि पाणी उतरलेल्या मण्याची पेशी फारशी दाद देत नाही, कारण तेव्हा तिची वाढ मुख्यतः येणाऱ्या साखरेवर आणि पाण्यावर चालते. मात्रेलाही मर्यादा आहे, ती याच कारणाने: बहुतेक ग्राही भरले आणि डेला संपले की आणखी जीए ओतून काहीही साधत नाही. वेलीवर पाने अपुरी आणि घडांची गर्दी असेल तर अटकाव निघूनही फुगायला साखर मिळत नाही.

द्राक्षवेलीतील एक सुंदर उदाहरण इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. २००२ मध्ये पॉल बॉस आणि मार्क थॉमस या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पिनो मुनिए या जातीतून मिळवलेल्या एका बुटक्या वेलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्या डेला जनुकात बदल झाल्यामुळे ती जिबरेलिनला दाद देत नव्हती, आणि तिच्यावर बाळ्यांच्या, म्हणजे आधाराला गुंडाळणाऱ्या तणाव्यांच्या, जागी घड येत होते. म्हणजे वेलीच्या डोळ्यातील (कळीतील) त्याच कोवळ्या पेशीसमूहाचा घड व्हावा की बाळी, यात जिबरेलिनचा मोठा वाटा आहे. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातील छाटणीनंतर) आपल्याकडे सीसीसी (क्लोरमेक्वॅट क्लोराइड) हे वाढरोधक का वापरत, याचा उलगडाही यातून होतो. ते वेलीत जिबरेलिन तयार होण्याची प्रक्रियाच अडवते. त्याच्या अवशेषांमुळे २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांची जी अडवणूक झाली, ती इथल्या बागायतदारांना चांगली आठवत असेल.

सीपीपीयू हे सायटोकायनिन गटासारखे काम करणारे कृत्रिम संजीवक आहे. विभाजनाच्या आधी पेशीला डीएनए दुप्पट करण्याच्या टप्प्यात शिरावे लागते. त्या उंबरठ्यावर डी प्रकारची सायक्लिन प्रथिने लागतात आणि सायटोकायनिनमुळे त्यांचे प्रमाण वाढते. त्यामुळे लहान मण्यात पेशींची संख्या अधिक होते आणि गर घट्ट लागतो. सायटोकायनिन हरितद्रव्य टिकवते आणि ऊतींचे वय होणे लांबवते, म्हणून मणी हिरवा राहणे आणि गोडी उशिरा भरणे हे त्याच गुणाचे दुसरे अंग आहे. मात्रा अगदी कमी ठेवण्याची शिफारस त्यासाठीच असते.

तडकण्याविषयी. मणी मऊ पडू लागतो तेव्हा गराच्या पेशींतील दाब ०.१ मेगापास्कलच्याही खाली उतरलेला असतो, आणि तेव्हापासून मण्याचा आकार सांभाळण्याचा भार सालीच्या मोजक्या थरांवर येतो. पावसात पाणी सालीतून थेट शिरते, देठातूनही येते आणि दमट हवेमुळे बाहेर पडत नाही. साल ताणली जाण्याची मर्यादा ओलांडली की ती फाटते. दाट घडात जिथे मणी एकमेकांना घासतात तिथे मेणाचा थर नीट बनलेला नसतो, म्हणून विरळणीचे महत्त्व. पेक्टिनचे धागे कॅल्शियममुळे एकमेकांना बांधले जातात, पण कॅल्शियम पाणी वाहणाऱ्या जलवाहिन्यांतूनच येते आणि पाणी उतरल्यानंतर मण्याकडचा तो प्रवाह खूप घटतो. म्हणून कॅल्शियम द्यायचे ते मणी लहान आणि हिरवे असतानाच. ढग दिसल्यावर केलेल्या फवारणीवर मी विसंबणार नाही.

विद्यार्थिनी, तासगाव तालुका

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. सर, पेशींची संख्या वाढली की आकार, हे माझ्या स्वतःच्या छेदांवरून ठरवायचे असेल तर मोजणी कशी करावी?

निवृत्त प्राध्यापक, मिरज

ताजा छेद घेऊ नका, पक्व गर फाटणारच. मण्याचे लहान तुकडे आधी फॉर्मॅलिन, ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात निदान एक दिवस ठेवा, म्हणजे पेशी टणक होतील. हे काम हवेशीर जागेत आणि हातमोजे घालूनच करा. मग मण्याच्या बरोबर मध्यातून आडवा छेद घ्या आणि सालीपासून परिघावरच्या वाहिनीपुंजांच्या वर्तुळापर्यंत एका सरळ रेषेत किती पेशी लागतात त्या मोजा. वगळलेल्या आणि डिपिंग केलेल्या मण्यांत ही संख्या सारखी निघाली तर त्या दिशेने विभाजन वाढलेले नाही आणि फरक आकाराचा आहे. मणी लांबट झालेला असल्याने उभ्या छेदातही हीच मोजणी करावी लागेल, नाहीतर लांबीच्या दिशेने वाढलेल्या पेशी हिशेबातून सुटतील. तुलनेसाठी फुलोऱ्यातील अंडाशय, महिन्याचा मणी आणि तयार मणी असे तिन्ही टप्पे घ्या. नमुने मात्र प्रत्येक वेळी घडाच्या त्याच उंचीवरच्या पाकळीतून तोडा, कारण खांद्यावरचे आणि शेंड्याचे मणी मुळातच सारखे नसतात.