वडोदऱ्यातील बैठक आणि नावाची भीती
ताई, दारूबंदीच्या राज्यात अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या बैठकीला गेल्यास आपल्या पतीचे नाव कुठेतरी नोंदले जाईल ही आपली भीती मी जाणतो, कारण दांडिया बाजारातल्या आमच्या घरातही थोरल्या भावाचे दोन महिने त्याच धास्तीत गेले. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या गटात आडनाव विचारत नाहीत, फी घेत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. खुल्या बैठकीला घरच्यांनाही बसता येते. पहिल्या दिवशी भाऊ दाराजवळच्या खुर्चीत मान खाली घालून बसला. कोणी बोलायचा आग्रह केला नाही, शेजाऱ्याने फक्त चहा पुढे केला. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबल्यास झटके येऊ शकतात, म्हणून आधी डॉक्टरांना जरूर दाखवावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकही आहे.