जुनी झाडं आणि त्यांची माणसं: तुमचे अनुभव लिहा

महाराष्ट्रातल्या जुन्या, थोराड झाडांबद्दल लिहायचं हे आमंत्रण. अट एकच: "पाचशे वर्षांचं झाड आहे" एवढ्यावर थांबू नका. झाडाचं वय सांगणाऱ्यागणिक वाढतं आणि त्याखाली शिवाजी महाराज एकदा तरी विसावलेले असतात. त्या झाडाखाली आज काय चालतं, वाळलेल्या फांद्या कोण नेतं, त्याच्यावरून कधी भांडण झालंय का, आणि ते अजून उभं असेल तर नेमकं कुणामुळे, हे सांगा. पडलेल्या झाडांबद्दलही लिहा.

सुरुवात मीच करतो. मी नाशिकचा. पंचवटी हे नाव ज्या पाच वडांवरून पडलं म्हणतात, ते सीता गुंफेपाशी दाखवले जातात. पाहुणे आले की त्यांना पाच वड मोजायचे असतात. मोजता मोजता प्रसादाची दुकानं, रिक्षा आणि फोटोवाले मध्ये येतात, आणि तिसऱ्या वडापर्यंत सगळ्यांचं लक्ष चहाकडे गेलेलं असतं. रामायणातलेच हे वड का, असं मुलं विचारतात. माझी आजी म्हणायची, "वड मरत नाही रे, जागा बदलतो." वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं हे फारसं चुकीचं नाही.

आता तुम्ही.

*

सातारची माहेरवाशीण

दादा, तुमच्या आजीचं म्हणणं बघायचं असेल तर आमच्या म्हसव्याला या. वैराटगडाच्या पायथ्याकडचं गाव. तिथला वड 1882 मध्ये मोजला होता: पसाऱ्याचा घेर 1587 फूट, उत्तर-दक्षिण 595 फूट, पूर्व-पश्चिम 442 फूट. वनस्पतींवरच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत ही मापं हटकून सापडतात. आज ते एक झाड म्हणून ओळखूच येत नाही. मूळ खोड कधीच गेलं. पारंब्यांची झालेली खोडं सुटी सुटी उभी आहेत. नवखा माणूस त्यांच्यामधून चालत जातो आणि पलीकडे जाऊन विचारतो, "तो मोठा वड कुठाय?"

पण माझा जीव अडकलाय तो सुरूर-वाई रस्त्यावरच्या वडांत. दोन्ही बाजूंनी कमान, बुंध्यांना काव-चुन्याचे पट्टे. लहानपणी यष्टीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की पारंबी लागायची (आणि पाठीत आईचा धपाटा). रस्ता रुंद करायचा विषय निघाला तेव्हापासून घरातच दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, हंगामात पाचगणी-महाबळेश्वरची गर्दी कोंडते, अॅम्ब्युलन्स अडकते, तुम्ही पुण्याला बसून झाडं वाचवता. त्याचं खोटं नाही. पण "एकाच्या बदल्यात दहा लावू" म्हणतात ना, ते मला पटत नाही. ती दहा लावणार कुठे? रस्त्याला सावली हवी होती म्हणून ती रस्त्याकडेला लावली. कुठल्यातरी माळावर दहा रोपं लावून इथल्या दुपारच्या वाटसरूला काय मिळणार?

*

निवृत्त वनरक्षक, चंद्रपूर

वयाबद्दल बोलायला नको असं लिहिलंत, बरं केलंत. तरी दोन गोष्टी सांगतो. झाडाचा घेर मोजायचा तर छातीइतक्या उंचीवर, जमिनीपासून 1.37 मीटरवर टेप लावायचा, हा आमच्या खात्याचा नियम. वडाला तो लागू करून बघा, हसू येईल. पारंब्या बुंध्याला चिकटून बुंधाच बनतात. टेप कशाभोवती फिरवणार? वडाच्या लाकडात वर्षाचं स्पष्ट कडंही उमटत नाही. त्यामुळे "चारशे वर्षं" हा बहुतेक वेळा आदराचा आकडा असतो, मोजलेला नव्हे.

सागाचं तसं नाही. तो उन्हाळ्यात पानं टाकून वाढ थांबवतो आणि पावसाबरोबर पुन्हा धरतो, म्हणून वर्षाला एक कडं. चांगल्या पावसाचं रुंद, दुष्काळाचं अरुंद. पोकळ गिरमिटानं पेन्सिलीएवढी कांडी काढतात, झाड तोडावं लागत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत अशा सागाच्या कड्यांवरून पूर्वीच्या पावसाळ्यांचा अभ्यास झालाय. कुठल्या वर्षी पाऊस रुसला होता हे कागदावर नसलं तरी झाडात असतं.

जुना साग बघायचा तर गडचिरोलीत आलापल्लीला जा. "ग्लोरी ऑफ आलापल्ली" म्हणून सहा हेक्टरांचा तुकडा 1953 पासून कुऱ्हाडीबाहेर ठेवलेला आहे आणि 2014 मध्ये तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ झाला. आजूबाजूचं जंगल आमच्याच खात्यानं कूप (तोडीसाठी आखलेले पट्टे) पाडून कापलं, हेही लिहिलं पाहिजे. याच भागातलं सागवान 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराला गेलं, तेव्हा मिरवणूक निघाली होती. त्या तुकड्यात शिरलात की कळतं, बाकी ठिकाणी आपण ज्याला मोठा साग म्हणतो तो पोरगाच असतो.

*

संगमनेरी

पेमगिरीचा वड कुणीच कसा लिहिला नाही? शहाजीराजांनी बाल मुर्तजा निजामशहाला ज्या गडावर तख्तावर बसवलं, त्याच्या परिसरातला. (शिवाजी महाराज नाहीत, त्यांचे वडील आहेत. चालेल ना?) पसारा एकरांत मोजावा असा. झाडाखाली जाखाईचं स्थान आहे. गावातला माणूस वाळलेली काटकीसुद्धा चुलीला नेत नाही. माझ्या मित्राला हे खोटं वाटलं, म्हणून त्यानं एक काटकी उचलून गाडीत टाकली. तिथं शेळ्या चारणाऱ्या आजी उठल्या, काही न बोलता काटकी काढून परत जागेवर ठेवली आणि पुन्हा बसल्या. या झाडाला कुंपण नसलं तरी चालेल.

*

संगमेश्वरकडचा चाकरमानी

देवाच्या भीतीनं झाडं राखली जातात, हे अर्धं खरं आहे. दुसरं अर्ध आमच्या गावात झालं ते लिहितो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गणपतीला घरी जायचंय.

ग्रामदेवीची राई, म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं जंगल. आत कोयता चालत नाही, चपला चालत नाहीत. आंबा, बेहडा, सातवीण, सगळी आभाळाला टेकलेली, आणि एका कडेला गारंबीचा वेल. गारंबीची शेंग कुणी पाहिली नसेल तर सांगतो, मीटरभराहून लांब असते. लहानपणी आम्ही तिची तलवार करायचो. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात अशा राया गावोगाव हिंडून पाहिल्या. श्रीवर्धनकडच्या गाणी गावात तर लोकांनाच गारंबीचा वेल असलेली राई वाचवायची होती, कारण गुरांच्या औषधाला त्याची साल लागायची. तिथं देवाइतकीच गरजही राखणदार होती.

आमच्याकडे गुरं कमी झाली. औषधाला लोक देवरुखला जायला लागले. मग मुंबईच्या मंडळानं जीर्णोद्धार काढला. कौलारू देऊळ उतरवून स्लॅबचं बांधायचं, सभामंडप मोठा करायचा. वर्गणी कमी पडली. कुणीतरी म्हणालं, राईतली चार झाडं देवीच्याच कामाला गेली तर देवी रागावेल का? गुरवानं कौल लावला. देवीनं उजवा दिला, म्हणजे होकार.

चार म्हणता म्हणता बरीच गेली. मी सभेत बोललो तर मला म्हणाले, देवीपेक्षा तू शहाणा का? याला उत्तर नाही हो. जिच्या नावानं पिढ्यान्पिढ्या कोयता बाहेर राहिला, तिच्याच नावानं करवत आत आली.

बेहडा मात्र राहिला. भक्तीनं नव्हे. आतून पोकळ होता, व्यापाऱ्यानं बुंध्यावर कुऱ्हाडीची पाठ आपटून बघितली आणि "ह्येचा काय उपेग नाय" म्हणून सोडला. त्याच ढोलीत धनेशाची जोडी आहे, आमच्याकडे त्याला गरुडच म्हणतात. मादी आत बसते, तोंड लिंपून घेते, एक फट ठेवते आणि नर आठवडेच्या आठवडे तिला वड-उंबराची फळं आणून भरवतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याला मावेल अशी ढोल तरण्या झाडात होत नाही. झाड म्हातारं होऊन आतून कुजावं लागतं. बाजाराला नको असलेलं झाडच त्याच्या कामाचं.

*

भायखळ्याचा

आमच्या मुंबईत म्हातारं झाड म्हणजे गोरखचिंच. आफ्रिकेतलं झाड, समुद्रावरून आलेलं. राणीच्या बागेत आहे, वसईकडेही आहेत. बुंधा हत्तीच्या पायासारखा, आत पाणी साठवणारं भुसभुशीत लाकूड. फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं येतात. आठ महिने ते वठल्यासारखं दिसतं म्हणून "मेलंय, काढून टाका" अशी तक्रार करणारे लोक असतात, अगदी शपथेवर सांगतो. सांताक्रूझची एक मोठी गोरखचिंच 2022 मध्ये मेट्रोच्या कामात गेली. तिच्यासाठी जमलेल्यांत मीही होतो. आमच्यातल्या निम्म्यांना ती आधी कधी दिसलीच नव्हती, रोज तिथून जात असून.

*

इंद्रायणीकाठची

आळंदीला समाधीपाशी अजानवृक्ष आहे. माउलींच्या गळ्याला त्याची मुळी लागली आणि एकनाथांनी येऊन ती सोडवली, अशी कथा. त्याखाली बसून पारायण करणाऱ्या बायका पान तोडत नाहीत, गळालेलं पोथीत ठेवतात. देहूच्या नांदुरकीचं वेगळं. तुकाराम बीजेला दुपारी बाराच्या सुमारास ती हलते म्हणतात. मी गर्दीत उभी होते. शेजारच्या काकांना हलताना दिसली, मला वारकऱ्यांच्या टोप्याच दिसल्या. फुलं मात्र मीही उधळली.

*

धानोऱ्याहून

आमच्याकडे जुनं झाड म्हणजे मोहाचं. कोणतं झाड कोणत्या घराचं ते कागदावर राहत नाही, पण गावात लहान पोरालाही माहीत राहते. मार्च-एप्रिलात पहाटे अंधारात फुलं वेचायला जायचं. खालचा पाचोळा आधी झाडून, जाळून साफ करतात (त्याच्यानं वणवे लागतात, वनरक्षक काका बोलतीलच!). पोरीच्या लग्नात झाड देत नाहीत, पण त्याची फुलं वेचायचा हक्क भावाबहिणीत वाटून घेतात. आमच्या आजोबाच्या झाडाखाली आता चार घरं वेचतात, सकाळ ठरवून. एवढ्या लोकांचं पोट ज्याच्यावर आहे ते झाड तोडायचं म्हटलं तर पहिलं भांडण घरातच होईल.

*

निवृत्त वनरक्षक, चंद्रपूर

बोलणारच! पाचोळा जाळू नका, जुनी साडी नाहीतर जाळी अंथरा. फुलंही स्वच्छ मिळतात, भाव बरा येतो.

*

मिरजेकडचा

भोसेचा वड. यल्लम्माच्या देवळाजवळचा, चारशे वर्षांचा म्हणायचे (काका, आदराचा आकडा). रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता. 2020 मध्ये ऐन कोरोनात लोक मास्क लावून झाडाभोवती उभे राहिले, मुंबई-दिल्लीपर्यंत पत्रं गेली आणि रस्त्याची आखणी बदलली. आम्ही पेढे वाटले.

2022 च्या जूनमध्ये तो कोसळला. वय होतं, वारा होता, कुणी म्हणतं बाजूच्या खोदकामात मुळं दुखावली. माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून कुणावर आरोप करत नाही. एवढंच सांगतो: आंदोलन करताना आम्ही सगळे वर बघत होतो, फांद्यांकडे. बातम्यांतले फोटोही वरचेच. मुळं किती लांब गेलीत, त्या जमिनीवर काय चाललंय, हे विचारणारं कुणी नव्हतं. आता कुठं झाड वाचवायचं असेल तर मी आधी खाली बघतो.

*

कोथरूड

मिरजेच्या दादांचं वाचून लगेच खाली जाऊन आले. आमच्या सोसायटीतल्या चिंचेला बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक लावलेत. बांधकाम व्हायच्या आधीपासूनची चिंच आहे. पुनर्विकासात ती "अडते" आहे. काय करता येईल?

*

धाग्याचा मालक

ताई, शहरी भागासाठी 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज म्हणजे वारसा वृक्ष मानलंय, आणि ते तोडायची परवानगी मिळालीच तर झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची अट आहे. त्यामुळे जुने फोटो, जुन्या मालकांची साक्ष, जे मिळेल ते वयाचा पुरावा म्हणून गोळा करा. इथं वय सांगायचंच! तोडायची नोटीस झाडावर चिकटवावी लागते. दिसली की फोटो काढा आणि तिच्यातल्या मुदतीत लेखी हरकत द्या, फोनवर बोलून भागत नाही. पेव्हर काढायला कुणाची परवानगी लागत नाही, सोसायटीच्या सभेत आजच मांडा.

*

सातारची माहेरवाशीण

आणि गावातल्या झाडांचं काय?

*

निवृत्त वनरक्षक, चंद्रपूर

गावाकडे 1964 चा वृक्षतोडीचा कायदा. त्याला झाडांची यादी जोडलेली आहे: साग, मोह, चिंच, आंबा, फणस, हिरडा, खैर, चंदन, जांभूळ वगैरे. लाकडाची आणि उत्पन्नाची झाडं. वड-पिंपळ त्यात नाहीत. पूजेची झाडं कोण तोडणार, असं तेव्हा वाटलं असेल.

*

संगमेश्वरकडचा चाकरमानी

बेहडाही नाही ना त्यात? मग या गणपतीत ग्रामसभेला अर्ज देतो, ढोलीच्या झाडाचा ठराव करा म्हणून. काका, अर्जाचा मसुदा तपासून द्याल का? कौल लावायला सांगितलं तर काय करायचं तेही सांगा.