साठीनंतर पाठ होत नाही म्हणून काय झालं

कोणीतरी म्हटलंय की रिटायर झाल्यावर ज्ञानेश्वरी घेऊन बसलं तरी काही लक्षात राहत नाही, मग उपयोग काय. अहो, परीक्षा द्यायचीय का आपल्याला? मी 66 व्या वर्षी सुरुवात केली, तीही चुकीची, म्हणजे पहिल्या अध्यायापासून, आणि दोन महिन्यांत गाडी रुतली. मग आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंनी सांगितलं, बारावा घ्या. भक्तियोग, 247 ओव्या, अठराव्यासारख्या अठराशेच्या वर नाहीत. मंगळवारी पाच-सहा जण जमतो, एका बैठकीत दहा ओव्या झाल्या तरी खूप, कारण एकेका शब्दावर अर्धा तास भांडण, आणि चहा असतोच.

आता आमच्यातल्या एकाने ख्रिस्तपुराण आणलंय. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती संघाचा धर्मगुरू, गोव्यात आला आणि 1616 साली याने येशूची कथा मराठी ओव्यांत छापली, म्हणजे ज्ञानेश्वरीनंतर सव्वातीनशे वर्षांनी तोच छंद! त्यात मराठीची स्तुती आहे, तिथे ‘हरळ’ शब्द आला, म्हणजे खडे, आणि मला वाटलेलं हरळी, गवत. सगळे हसले. पण आता तो शब्द जन्मात विसरणार नाही बघा.

बायबल मी याआधी कधी उघडलंच नव्हतं, खोटं कशाला बोलू. ओवीमुळे भीती गेली. फक्त मोठ्या टायपातली प्रत घ्या, बारीक अक्षराने माझं डोकं दुखायचं आणि मी दोष वयाला देत होतो.